काळ्या भुंग्यांचं बाळंतपण

आमच्या गोठ्यात म्हशी होत्या तोवर कुणी आत डोकावत नव्हतं. म्हशी विकल्या, भुंगे आले, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस चपलेतला खडा काढायच्या निमित्तानं आमच्या दारात वाकायला लागला.

"चंदरअक्का, आज काय बेत? अळ्यांचं कालवण?"

"व्हय की. ताट घेऊन ये घरनं, वाढते," आत्या आतून म्हणायची, मान वर न करता.

चंद्रभागा आत्या अप्पांची थोरली बहीण. तिचा नवरा गोव्याला गवंडीकामाला गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हापासून ती आमच्यात. अळणावरच्या आसपासच्या गावांत तिला बाळंतिणीची अक्का म्हणायचे. पोरी माहेरी बाळंतपणाला आल्या की आत्याला बोलावणं यायचं. बाळंतिणीला तेल लावायचं, शेगडीचा शेक द्यायचा, पोराला पायांवर घालून न्हाऊ घालायचं. मलाही तिनंच घातलं, आणि मी म्हणे पहिल्याच दिवशी तिच्या तोंडावर मुतले. आता पोरी धारवाडला मोठ्या दवाखान्यात जातात. डॉक्टर शेगडी नको म्हणतात. बोलावणं आलं तर आलं.

मग तारिहाळच्या कारखान्याचा मंजुनाथ गाडी घेऊन गावात आला. त्या कारखान्यात ह्या भुंग्यांच्या अळ्या भट्टीत वाळवतात, दळतात, आणि ते पीठ बाहेरदेशी जातं. तिथली माणसं ते बिस्किटात घालून खातात. ट्रे आमचे, भुंगे आमचे, पोसायचं तुम्ही, असं तो पारावर उभा राहून सांगत होता आणि लोक पोट धरून हसत होते. आत्या तेवढी हसली नाही. "एकदा दाखवा तरी," म्हणाली.

महिन्याभरात पोरं तिला 'हुळद अक्का' म्हणायला लागली. कन्नडात हुळ म्हणजे किडा. आमच्याकडे शाळेत कन्नड, घरात मराठी आणि भांडणात दोन्ही, त्यामुळे चिडवायला शब्दांचा तोटा नाही.

काम तसं सरळ. वरच्या जाळीच्या ट्रेत काळे भुंगे. ते गव्हाच्या कोंड्यात अंडी घालतात, अंडी जाळीतून खालच्या ट्रेत पडतात. खाली केसाएवढ्या अळ्या निघतात आणि वाढत वाढत शेवयांएवढ्या होतात. त्यांतल्या काही कोश व्हायला बाजूला ठेवायच्या, म्हणजे पुढचे भुंगे. बाकीच्या मंजुनाथच्या गाडीत. सरळ, पण दिवसभर उकिडवं बसून चाळायचं. कोंड्याची धूळ नाकात जायची, हातांवर लाल पुरळ उठायचं. संध्याकाळी आत्या उठायची तेव्हा आधी एक गुडघा सरळ करायची, मग खांबाला धरून दुसरा.

अप्पांना हे पहिल्यापासून आवडलं नव्हतं. त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "भात मळून होईस्तोवर गोठा तुझा, अक्का. पुढं मला गाय आणायची हाय. परशुरामाकडची ठरवून ठेवलीय."

"आणि माझे भुंगे चांगले झाले तर?"

"तर मग गाय कुठं बांधू? तुझ्या डोक्यावर?"

भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून आत्यानं तो तसाच धरून ठेवला, पार विरघळेपर्यंत. ती गोठा सोडून दुसरं काय करणार होती, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या मागं मागं चुलीपाशी हात आखडून बसणार होती.

यंदा पावसानं उघडीप दिली नाही. कोंडा ओलसर राहायचा, गोळे व्हायचे, कडेला हिरवी बुरशी धरायची. आत्या तो तव्यावर कोमट करून घालायची. तरी अळ्या वाढेनात. मंजुनाथ आला, चिमटीत एक अळी धरून उजेडात बघितली.

"अक्का, हा अळी उपाशी आहे."

"उपाशी? पोतंभर कोंडा खाल्लाय की त्यांनी!"

"नुसता कोंडा साकागुदिल्ला. पुरत नाही. वरून काहीतरी खुराक पाहिजे. पेंड, सोयाबीन, यीस्ट. काय घालता ते मला सांगून घाला, एवढंच. माणसं खाणार आहेत हे."

त्यानं पिशवीतून भाजलेल्या अळ्यांची पुडी काढून समोर धरली. आई दारातूनच मागं सरली. अप्पा म्हणाले, "आम्हाला हे चालत नाही." मी म्हटलं, "जंगलातल्या लाल मुंग्यांची चटणी चालती न्हवं तुम्हाला? दोन भाकऱ्या जास्त खाता!" आणि एक अळी तोंडात टाकली. सगळे माझ्या जबड्याकडे बघत राहिले. खरं सांगू? भाजक्या शेंगदाण्यासारखी लागली. मी आणखी घेतल्या. आत्यानंही एक घेतली, सावकाश चावली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

खुराकाची चाचणी करायची कल्पना माझी. यंदा मी शाळेच्या संसदेत आरोग्यमंत्री झाले आहे. आधी मी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायचे. आता आवाज असा सुटलाय की आई म्हणते, दीपश्री घरात आली हे गल्लीला कळतं. तर मी गोठ्यात उभी राहून भाषणच ठोकलं. सारख्या वयाच्या अळ्यांचे चार ट्रे घ्यायचे. एकात नुसता कोंडा. एकात कोंडा आणि करडईची पेंड. एकात सोयाबीनचं पीठ. एकात बेकरीतलं यीस्ट. रताळ्याच्या चकत्या सगळ्यांना सारख्याच, कारण पाणी त्यातूनच पितात. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच.

"म्हंजे चार सुना आणि चार डबे," आत्या म्हणाली.

"तसंच."

"मग कुणाच्या ट्रेत काय, ते ध्यानात कसं ठेवायचं?"

तिनंच मग जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून ट्रेंना बांधल्या, वेगवेगळ्या रंगांच्या. यीस्टचा लाल.

रोज शाळेतून आले की दप्तरासकट गोठ्यात. लाल चिंधीच्या अळ्या बघता बघता पुढं गेल्या. कात टाकायच्या, दुसऱ्या दिवशी पिवळ्याधमक. पेंडीच्याही बऱ्या होत्या. सोयाबीनच्या बारक्याच. नुसत्या कोंड्यातल्या तर एकमेकींना खायला लागल्या होत्या. अर्धवट कुरतडलेल्या अळ्या बघून आत्यानं तोंडावर पदर धरला. "माणसासारखंच की गे," म्हणाली.

मंजुनाथनं लाल चिंधीचा ट्रे बघितला आणि म्हणाला, "छलो अदावरी! अगदी छान!" मी त्या दिवशी भेटेल त्याला थांबवून यीस्टबद्दल सांगितलं. दूधवाल्यालासुद्धा. आत्या मात्र गप्प होती, आणि ती गप्प असली की तिच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं.

"दीपे," ती मला म्हणाली, "खुराकात हाय सगळं. व्हय का न्हाई?"

"व्हय की!"

"मग आपण पोरांना खुराक दिला. आयांना काय दिलं? हे वरचे भुंगे, रोज अंडी घालत्यात. बाळंतिणीच की. आणि बाळंतिणीला नुसता कोंडा?"

ह्या बाबतीत आत्याला कोण शिकवणार? पोरीला दूध यावं, अंगातली थंडी जावी, कंबर भरावी, ह्यासाठी काय द्यायचं हे तिच्या हाताला पाठ. दुसऱ्याच सकाळी तिनं चुलीवर कढई ठेवली. ओवा भाजला, बाळंतशेपा भाजल्या, सुंठ ठेचली, हळकुंड फोडून घातलं. घरभर वास. अप्पा अंगणातून आत आले, नाक वर करून.

"कोण बाळंत झालं?"

"माझे भुंगे," आत्या म्हणाली.

अप्पा हसले. आम्ही सगळेच हसलो. पण वास इतका चांगला होता की कुणाला वावगं काही वाटलं नाही. मी स्वतः खलबत्ता धरला. आत्यानं पूड कापडातून वस्त्रगाळ केली, कारण भुंग्यांचं तोंड लहान, आणि यीस्टच्या जोडीनं भुंग्यांच्या सगळ्या ट्रेंत हलक्या हातानं पेरली. मंजुनाथला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. बाळंतिणीला काय द्यायचं हे ती एका बाप्याला कशाला विचारेल?

त्याच सुमारास शेजारची वनिता माहेरी आली होती, तान्हं घेऊन. आत्याला बोलावणं आलं. मी शाळेला सुट्टी म्हणून मागं गेले. खोली बंद, खिडकीला पोतं, बाजेखाली शेगडी. धुरानं वनिताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती शेकापासून हळूहळू कडेला सरकत होती, आणि आत्या दंडाला धरून तिला परत मधे आणत होती.

"थंडी शिरंल अंगात. गप पड."

"अक्का, गरम होतंय ओ."

"पुढं कंबर धरंल तेव्हा माझं नाव काढशील."

दोन दिवसांनी वनिताची आई आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. "अक्का, राग मानू नका. नर्सबाई येऊन बघून गेली. धूर नको म्हणाली, पोराला खोकला हाय. उद्यापासनं... आमचं आम्ही बघतो."

"बरं," आत्या म्हणाली. ती गेल्यावर आत्यानं हातातलं सूप उगाचच दोनदा झटकलं. सुपात काही नव्हतं.

इकडे गोठ्यात खालचे ट्रे रिकामे राहायला लागले. जाळीखालचा कोंडा रोज बघायचो, नुसता कोंडा. भुंगे वर असायचे, पण मधे नाही. कोपऱ्यांत, एकमेकांच्या अंगावर चढून, काळा ढीग करून. एखादा उलटा पडलेला, पाय आकसलेला.

"थंडी लागायली त्यांना," आत्या म्हणाली. दिवस सुगीचे, सकाळी धुकं पडायचं, म्हणून खरंही वाटलं. तिनं ट्रेंवर पोती टाकली. मसाला वाढवला.

मेलेले भुंगे वाढले.

शिवारात भातकापणी सुरू झाली होती. आई-अप्पा पहाटे जायचे, अंगाला भाताचं कूस लागून खाजवत परत यायचे. गोठ्याजवळच्या खळ्यावर पेंढ्या येऊन पडायला लागल्या. रोज ढीग उंच व्हायचा आणि रोज आत्या त्याच्याकडे न बघता गोठ्यात जायची. एका संध्याकाळी अप्पा विळा ठेवायला आत आले, खालचा ट्रे बाहेर ओढून बघितला आणि ढकलून दिला.

"अक्का, तुझ्या बाळंतिणी वांझ निघाल्या की गे."

आई ओसरीवरून ओरडली, "काय बोलताय! जिभेला काही हाड?" आत्याला मूल नव्हतं. अप्पांच्या ते बोलल्यावर ध्यानात आलं असावं. ते मानेवरची धूळ झाडत बाहेर गेले. आत्या चाळत राहिली. चाळणीचा आवाज थोडा जोरात यायला लागला, एवढंच.

रविवारी आई अंगणात तूर भरून ठेवत होती. कणगीत घालायच्या आधी मोठ्या परातीत तूर घेऊन तिला तेलाचा हात लावायचा, वरून हळद चोळायची. मी शेजारी बसून पुस्तक वाचत होते. म्हणजे पुस्तक मांडीवर होतं. आईचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

"दरवर्षी एवढी हळद कशाला गे घालतीस?"

"मग किडं लागंल की. हळद असली म्हणजे पोरकिडा फिरकत न्हाई. आणि तांदळाच्या डब्यात ओव्याची पुरचुंडी ठेवती ते कशाला? शोभेला?"

ती बोलून गेली आणि पुढची मूठ चोळायला लागली. मग तिचे हात थांबले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग एकदमच गोठ्याकडे.

"आई..."

"अगं बाई!"

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या बायकांनी धान्यातले किडे हाकलले. आता पहिल्यांदाच किडे पोसायला घेतले होते, आणि त्यांना घातलं काय, तर हाकलायचंच औषध! मला आधी हसू आलं. मोठ्यानं. धावत जाऊन सांगावं, आत्या, सापडलं, सापडलं, असं वाटलं, आणि मी उठलेही. आईनं पिवळ्या हातानं माझा परकर धरला.

"कशी सांगणार?"

"म्हणजे? सांगणार की!"

"वनिताच्या आईनं दारात येऊन नको म्हटलंय तिला. अप्पांनी तो शब्द काढला. आता तू जाऊन म्हण, मंत्रीणबाई, की तुझा मसाला भुंग्यांना इख हाय."

मी परत बसले. मला हल्ली काहीही बोलता येतं ह्याचा मला फार आनंद आहे. पण कसं बोलायचं हे ठरवत इतका वेळ बसून राहायची पाळी पहिल्यांदाच आली. आत्यानं त्या मसाल्यावर गावातल्या अर्ध्या पोरी उभ्या केल्या होत्या. मी स्वतः तिच्या हातची.

शेवटी गेले. ती पोती झटकत होती. मी आडूनआडून सुरुवात केली, तुरीची गोष्ट सांगितली, हळदीची सांगितली, ओव्याची पुरचुंडी सांगितली. तिनं मधे एकदाही टोकलं नाही.

"झालं सांगून?" मग म्हणाली.

"व्हय."

"मसाला घेऊन ये."

मला वाटलं, फेकून मारते. आणला. तिनं एक मोकळा ट्रे घेतला, त्यात ताजा कोंडा पसरला, वर ओंजळभर भुंगे सोडले. ते सगळीकडे पांगले. मग चिमूटभर मसाला तिनं बरोबर मधोमध ठेवला आणि खाली बसली. मीही बसले.

आधी काहीच झालं नाही. मग जवळचा एक भुंगा मिशा हलवत तिथवर आला, थबकला आणि वळला. दुसरा वळला. बघता बघता त्या पिवळ्या चिमटीभोवती कोंडा मोकळा व्हायला लागला, वाटीएवढा, मग ताटलीएवढा. सगळे भुंगे ट्रेच्या कडांना जाऊन चिकटले. मधे मसाला एकटाच.

आत्या बघत होती. तिच्या ओठांच्या कडेला घाम आला होता.

"एवढे दिवस सांगत होते की गे ते," ती म्हणाली. "कोपऱ्यात सरकत होते. आणि मी म्हटलं थंडी लागायली."

"तुला काय ठाऊक, आत्या."

"ठाऊक कसं न्हाई? दिसत होतं." तिनं उलटा पडलेला एक भुंगा बोटानं सरळ केला. "वनिताबी सरकत होती."

मी मसाल्याची चिमूट कोंड्यासकट उचलून बाहेर टाकली.

ती उठली, आधी एक गुडघा, मग दुसरा. त्या दिवशी आम्ही भुंग्यांचे सगळे ट्रे रिकामे केले. भुंगे चाळून काढले, मेलेले वेचले, ट्रे राखेनं घासून उन्हात तापवले. मसाल्याचा वास बोटांतून जाईना म्हणून आत्यानं चिकणमातीनं हात धुतले. नवीन कोंडा घालताना मी म्हटलं, "यीस्ट किती घालायचं?" ती म्हणाली, "थांब. त्यांनाच विचारू."

तिनं प्रत्येक ट्रेच्या एका कोपऱ्यात कोंडा ठेवला, दुसऱ्यात यीस्ट, तिसऱ्यात पेंड, चौथ्यात सोयाबीन. हळदी-कुंकवाला वाट्या मांडाव्यात तशा छोट्या छोट्या ढिगल्या. आणि बसून राहिली. भुंगे कोंड्यावर गेले, तिथून यीस्टवर, परत कोंड्यावर. पेंड थोडी. सोयाबीनकडे फारसं कुणी फिरकलं नाही. "भाकरी जास्त, कालवण बेतानं," आत्या पुटपुटली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मापानं कालवलं.

त्याच संध्याकाळी ती वनिताकडे गेली. न बोलावता. शेगडी नाही, काही नाही, नुसती तेलाची वाटी. मी फाटकाशी थांबले होते. आतून तिचा आवाज आला, "कुठं दुखतंय तूच सांग. तिथं लावते." बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, आणि मागून वनिता, पोराला खांद्यावर घेऊन. वनिता हसत होती.

मंजुनाथ आला तेव्हा खळ्यावर भात झोडायचं काम चाललं होतं. अप्पांच्या अंगावर भुश्याचा थर. तेही मागोमाग गोठ्यात आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मंजुनाथनं खालचे ट्रे एकेक करून ओढले. कोंडा. कोंडा. कोंडा. अंडी नव्यानं पडायला लागली असली तरी डोळ्यांना दिसायला अजून अवकाश होता.

"अक्का, हे काय? भुंगे पण कमी झाले. उंदीर?"

अप्पा आत्याकडे बघत होते. तेवढ्यात तो माझा नवा आवाज आपला आपण बाहेर आला.

"माझ्यामुळं झालं. मी मसाला घातला. शाळेतला प्रयोग म्हणून."

शाळेतल्या पोरीला कोण काय म्हणणार? मला वाटलं, जमलं.

"खोटं बोलू नको, दीपे," आत्या म्हणाली. तिनं पदर खांद्यावर घेतला आणि मंजुनाथसमोर आली. "मी घातला. बाळंतिणीचा मसाला. हळद, ओवा, सुंठ. अंडी घालत्यात म्हणून जोर यावा, असं वाटलं. तुम्हाला विचारलं न्हाई. माझ्या हातानं गेले भुंगे."

मंजुनाथ फिस्सकन हसला. "बाळंतिणीचा! भुंग्याला!" त्यानं अप्पांकडे बघितलं, तेही हसतील म्हणून. अप्पा हसले नाहीत. आत्याही तशीच उभी, त्याच्याकडे बघत. त्याचं हसू आपोआप संपलं.

"एल्लारू उंदीरच सांगतात," तो म्हणाला. "सगळेच, सगळ्या गावांत. उंदीर, नाहीतर मुंग्या. काय घातलं ते कुणी सांगत नाही."

मग तो खाली वाकला. "हे कोपऱ्यात काय ठेवलंय, अक्का?"

आत्यानं दाखवलं. एका ट्रेत ढिगल्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. कुठल्या कोपऱ्याला भुंगे किती जातात, सकाळी कुठं, दुपारी कुठं, रताळ्याची चकती सुकली की कसे सैरभैर होतात. सांगताना तिचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. मंजुनाथ उकिडवा बसला आणि ऐकत राहिला.

पण नियम तो नियम: न सांगता काही घातलं की ट्रे कमी. अळ्यांचे निम्मे रिकामे ट्रे त्यानं गाडीत घातले. ते कलघटगीकडच्या एका घराला देणार म्हणाला. भुंग्यांचे ट्रे तेवढे राहू दिले. "हे पुढच्या खेपेला बघू." गाडी सुरू करताना खिडकीतून तोंड काढून म्हणाला, "आणि अक्का, मसाला माणसांनाच घाला!"

"माणसांनाबी विचारून घालणार," आत्या म्हणाली.

गोठ्याची एक बाजू उघडी पडली. जिथं ट्रेंची चळत होती तिथं भिंतीवर जुन्या गव्हाणीच्या खुणा दिसायला लागल्या. अप्पा तिथं गेले, पावलं टाकून जागा मोजली, दावणीची खुंटी हलवून बघितली.

"एक गाय मावंल इथं," ते म्हणाले. मग आत्याकडे न बघता, "तिकडचं तसंच राहू दे."

"गायीच्या अंगाला गोचिडाचं औषध मारशील, ते इकडं उडायचं," आत्या म्हणाली.

"बाहेर नेऊन मारतो."

"आणि मधे आड पायजे."

"करतो म्हटलं न्हवं!"

मळणी संपली, पेंढ्याची गंजी उभी राहिली. अप्पांनी बांबूचा तट्टा विणून मधे आड घातला. परशुरामाची गाय अजून यायची होती. एका दुपारी जेवण करून ते उगाचच गोठ्यात आले. आत्या आणि मी चाळत होतो. अप्पा खालच्या ट्रेजवळ वाकले, मग आणखी वाकले.

"दीपे, हा कोंडा हलायलाय का गे? का मला भोवळ यायली?"

मी झेपावले. कोंडा हलत होता. वाऱ्यानं नाही. आतून, अगदी बारीक, पाणी उकळी यायच्या आधी थरथरतं तसा. मी किंचाळलेच. आत्यानं फक्त मान तिरकी करून बघितलं, जसं काही ती रोजच बघत होती. मग मला कळलं, ती खरंच रोज बघत होती, आणि तिला दोन दिवस आधीच दिसलं होतं.

"सांगितलं का न्हाईस?" मी ओरडले.

"थोडं टिकू दे म्हटलं."

अप्पा खाली बसले. नुकतीच मळलेली तंबाखू त्यांच्या तळहातावर होती. ती त्यांनी घाईनं तोंडात टाकली आणि हात ट्रेकडे नेला. आत्यानं मधेच त्यांचं मनगट धरलं.

"तंबाखूचा हात हाय. मरतील. धुऊन ये."

अप्पांना असं कुणी सांगत नाही. आई नाही, मंजुनाथ नाही, मी तर नाहीच. अप्पांनी आत्याकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं, आणि उठून बाहेर गेले. बोअरचा दांडा खालीवर झाल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

ते परत आले तेव्हा शर्टाला हात पुसत होते. आत्यानं वर बघितलं, पण ट्रे पुढे केला नाही. मग अप्पांनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले, आधी तळवे, मग उलटे करून नखं. शाळेत दुपारच्या जेवणाआधी आम्ही बाईंना दाखवतो तसे.